गडग्यावरचा तांब्या

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही, आणि आठवलं तरी ते आपलंच गाव म्हणून कुणी पुढे येणार नाही. का, ते गोष्ट संपली की कळेल.

त्या गावात एक रीत होती. घराला कुलूप लावून कुणी परगावी निघालं, की पितळेच्या तांब्यात पाणी भरायचं, वर तुळशीचं पान टाकायचं आणि तो तांब्या शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. शेजाऱ्याने तो दोन्ही हातांनी घेतला की झालं. मग मागे राहिलेली तुळस, गोठ्यातलं जनावर, माळ्यावरची मांजर, सगळ्यांची तहानभूक त्या शेजाऱ्याकडे. मालक परत आला की तोच तांब्या पुन्हा भरून त्याच्या हातात द्यायचा. याला गावात 'पाणी सोपवणं' म्हणत. शपथ नाही, साक्षीदार नाही, नुसता तांब्या.

या रीतीला दुसरी बाजूही होती. तांब्या हातात आल्याशिवाय दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. मागे कधीतरी कुणी न विचारता कुणाच्या गोठ्यात शिरला होता, वासरू नाहीसं झालं होतं, डोकी फुटली होती. तेव्हापासून हे ठरलं. मी त्या रीतीला नावं ठेवत नाही. रीत आपल्या सोयीसाठी आहे एवढं ध्यानात असतं, तोवर सगळ्याच रीती बऱ्या असतात.

गावाच्या वरच्या आळीत एक साळीण राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी घाटापलीकडे दिलेली. घरात एक माग आणि दारात एक शेळी, एवढाच तिचा संसार. हात मात्र असा, की तिने विणलेलं लुगडं आई नेसून मुलीला द्यायची, तरी ते विटलेलं नसायचं. आणि जीभ? जिभेचं काही विचारू नका. मनाने ती वाईट नव्हती. पण कुणी तिला एक शब्द बोललं, की तो शब्द ती सुतासारखा गुंडाळून जपून ठेवायची. टाकून द्यायचं तिला ठाऊकच नव्हतं.

तिच्या शेजारी एक कासार आणि त्याची बायको राहायची. दोन्ही अंगणांच्या मधे छातीइतका उंच दगडी गडगा होता. अलीकडून पलीकडचं सगळं दिसे, पलीकडून अलीकडचंही. कासारणीला मूलबाळ नव्हतं. तिने एक कुत्रा पाळला होता, त्याचं नाव भुऱ्या, आणि एक राघू पाळला होता. राघूचा पिंजरा ओसरीच्या वाशाला टांगलेला असे. कासारीण जे बोलेल ते तो बोलायचा, ती हसली की तिच्याच आवाजात हसायचा. वाटेने जाणारा माणूस फसून आत डोकावायचा.

भुऱ्या पिल्लू होता तेव्हा गडग्यावरून इकडे यायचा आणि साळणीच्या सुताच्या टोपलीत झोपायचा. "मेल्या, माझ्या सुताला तुझा वास लागतो की," असं म्हणत ती त्याला खडसावायची, आणि टोपली उचलून उन्हातून सावलीत ठेवायची. दरवर्षी चैत्रात कासार-कासारीण देवीच्या जत्रेला जात, आणि दरवर्षी कासारीण साळणीच्याच हातात तांब्या देई. भुऱ्या गाडीमागे धावत सुटायचा, म्हणून निघताना त्याला साखळीने खांबाला बांधून ठेवत. गाडी वेशीबाहेर गेली की साळीण जाऊन साखळी सोडायची. मग जत्रा संपेपर्यंत तो कुत्रा तिच्या मागाखाली पडून असायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक दिवस साळणीने आळीत ताणा पसरला. लग्नाचं लुगडं होतं, रंगवलेलं सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेलं. तेवढ्यात भुऱ्या एका मांजरीमागे सुटला तो थेट ताण्यातूनच गेला. निम्मे धागे तुटले, उरलेल्यांचा गुंता झाला. भुऱ्याच्या अंगावर लाल-पिवळ्या सुताची झूल चढली, आणि तसाच तो शेपूट हलवत उभा राहिला.

कासारीण ओसरीवरून हे बघत होती. तिला हसू आवरेना. वाईट मनाने नाही हसली ती, पण हसली. वर म्हणाली, "अक्का, धागेच तर तुटले. नवरदेव निघाला बघा आमचा."

साळणीचे डोळे ताण्याकडे होते. रात्रंदिवस खपून केलेलं काम होतं ते. तिच्या अंगाची लाहीलाही झाली. ती म्हणाली, "पोटचं पोर वाढवलं असतंस, तर वळण कसं लावतात ते कळलं असतं तुला."

कासारणीचं हसू तिथेच थांबलं. ती आत गेली, आणि त्या दिवसापासून गडग्यावरची बोलाचाली बंद झाली.

आता कुणाचं जास्त चुकलं, ते तुम्हीच ठरवा. साळणीने मात्र तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आपण काय बोललो ते ती चार दिवसांत विसरली. कासारीण हसली होती, ते तिच्या ध्यानात राहिलं.

चैत्र आला. कासाराने गाडी जुंपली. साळीण अंगणात शेळीला पाला घालत होती, तेव्हा तिला दिसलं, की गडग्यापलीकडे कासारीण तांब्या घेऊन उभी आहे. काठोकाठ भरलेला तांब्या, वर तुळशीचं पान. कासारणीचे ओठ हलले, पण शब्द काही बाहेर येईना. शेवटी कशीबशी ती एवढंच म्हणाली, "अक्का."

साळणीने ऐकलं. नीट ऐकलं. आणि पाठ फिरवून ती घरात गेली, मागावर बसली आणि आडवं सूत नेणारा धोटा असा सपासप टाकू लागली, की मागाच्या खटखटीत दुसरं काही ऐकू येऊ नये. मनात म्हणाली, येऊ दे की दारापर्यंत. हसायला तोंड होतं, तर मागायलाही असेल.

गाडीवाल्याने हाक दिली. कासारीण थोडा वेळ उभी राहिली. मग तिने तो तांब्या गडग्यावर, एका सपाट दगडावर ठेवला आणि गेली. गाडीमागे झेपावणाऱ्या भुऱ्याची साखळी खळखळली. त्या झटापटीत त्याच्यासमोरचं पाण्याचं परळ उपडं झालं. घुंगरांचा आवाज वेशीपलीकडे विरला.

साळीण बाहेर आली आणि तिने गडग्यावरचा तांब्या पाहिला. तिने काय करावं? काहीच केलं नाही. ती स्वतःशी म्हणाली, "ठेवलेला तांब्या म्हणजे दिलेला तांब्या नव्हे. रीत सगळ्यांना सारखी."

बघा, चूक करायलाही माणसाला कसं चांगलं कारण सापडतं.

पहिला दिवस तसाच गेला. भुऱ्या खांबाशी बसून साळणीच्या दाराकडे बघत होता. ती बाहेर आली की उठायचा, शेपूट हलवायचा, साखळी ताणून गडग्याकडे यायचा. दरवर्षी ही येते आणि आपल्याला सोडते, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. तिचा आणि कासारणीचा अबोला त्याला कुणी सांगितला नव्हता.

साळणीचा पाय अडखळायचा. ती त्याच्याकडे न बघता शेळीला पाणी दाखवायची आणि आत जायची.

दुसऱ्या दिवशी ऊन आणखी तापलं. सावली खांबापासून लांब सरकली. आळीतून जाणारी तेलीण थबकली आणि म्हणाली, "अगं, कासाराचं कुत्रं धापा टाकतंय. पाणी कुणाकडे सोपवलंय त्यांनी?"

"मला काय विचारतेस? माझ्या हातात काही कुणी दिलेलं नाही," साळीण म्हणाली.

"तांब्या तर तुझ्या गडग्यावर दिसतोय."

"गडगा दोघींचा आहे. हातात दिलाय का, ते सांग."

तेलीण जरा घुटमळली. तिच्या कमरेवर पाण्याची घागर होती, भरलेली. पण तांब्या साळणीच्या दारासमोर. आपण मधे पडलो तर साळीण म्हणणार, माझ्या शेजाराची उठाठेव तुला कुणी सांगितली. आणि तिची जीभ सगळ्या गावाला माहीत. "बघ बाई, तुमचं तुम्ही," असं म्हणून तेलीण पाणी हिंदकळत निघून गेली. तिच्या मागून सुतार गेला, त्याची बायको गेली, देवळातला गुरव गेला. सगळ्यांनी कुत्रा पाहिला, सगळ्यांनी तांब्या पाहिला, सगळ्यांना वाईट वाटलं. वाईट वाटायला काही लागत नाही, ते चालता चालताही वाटतं.

तहानेला कुत्रा आणि भरलेला तांब्या यांच्यामधे एका हाताचं काय ते अंतर होतं, आणि तो हात काही पुढे येत नव्हता.

मग राघू बोलायला लागला. एवढा वेळ तो गप्प होता. त्याच्या वाटीतलं पाणी आटलं, डाळ संपली, तेव्हा त्याने पिंजऱ्याच्या तारा चोचीने वाजवल्या आणि हुबेहूब कासारणीच्या आवाजात म्हणाला, "अक्का, चुकलं माझं."

साळणीच्या हातातला धोटा थांबला. ती धावत दारात आली. तिला वाटलं, कासारीण आली की काय परत. अंगणात कुणीच नव्हतं.

"अक्का, चुकलं माझं. तांब्या घ्या," राघू म्हणाला.

खरं सांगायचं तर साळणीचं मन तिथेच विरघळलं. वाटच बघत होती ती कुणीतरी असं म्हणण्याची, मग म्हणणारा पक्षी का असेना. तिने माठातून लोटा भरून घेतला, पदर खोचला आणि गडग्याकडे निघाली. तिला येताना बघून भुऱ्याने उठायचा प्रयत्न केला. पाय लटपटले, पण शेपूट हललं. गडग्यापर्यंत चार पावलं उरली असतील, आणि राघू हसला.

तेच हसू. ताणा तुटला त्या दिवसाचं, खळखळून, कासारणीचं.

पक्षीच तो. त्याला जे येत होतं ते सगळं त्याने केलं. शब्द केले, हसूही केलं, पाणी मिळावं म्हणून आणखी काय करायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं. पण साळणीच्या डोक्यात तिडीक गेली. ती म्हणाली, "असं आहे तर. पोपटाला शिकवून ठेवलंय होय? माफीची नक्कल करायची आणि वर हसायचं."

ती तिथूनच मागे फिरली. लोट्यातलं पाणी तिने शेळीपुढे ओतलं. शेळीला तहान नव्हती. तिने नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर राघू बरेचदा बोलला. आवाज बारीक होत गेला, शब्द अर्धे व्हायला लागले. "अक्का, चुकलं." मग नुसतं "अक्का." साळीण माग चालवत राहिली. तिचं लक्ष लागत नव्हतं, वीण सैल पडत होती, पण ती उठली नाही. आता उठायचं म्हणजे इतके दिवस का नाही उठलो, हे आधी स्वतःला सांगावं लागणार होतं.

मग एका सकाळी पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. साखळी नाही, तारा नाहीत. साळणीने गडग्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती स्वतःशी म्हणाली, "गप्प झाली, म्हणजे कुणीतरी दिलं असेल पाणी."

हा 'कुणीतरी' फार कामाचा माणूस. प्रत्येक गावात असतो. नको असलेलं सगळं काम आपण त्याच्यावर टाकतो, आणि तो दिसायला कसा असतो ते आजवर कुणी पाहिलेलं नाही.

जत्रा संपली तरी कासार लगेच परतला नाही. वाटेत बहिणीचं गाव होतं, तिथे दोघं आणखी राहिली. शेवटी एका दुपारी घुंगरं वाजली. साळणीने दार आतून लोटून घेतलं आणि फटीतून बघत उभी राहिली. कासारीण हसत उतरली. तिच्या हातात एक नवा पट्टा होता, त्याला बारीक पितळी घुंगूर लावलेलं. "भुऱ्या," तिने फाटकातूनच हाक मारली.

पुढचं मी सांगत नाही. लहान मुलं ऐकतायत, आणि मोठ्यांना सांगावं लागू नये.

पण ती ओरडली नाही. हीच गोष्ट साळणीला पुढे आयुष्यभर छळत राहिली. कासारीण ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर साळीणही बाहेर येऊन दोन शब्द बोलली असती आणि भांडणात सगळं बुडून गेलं असतं. कासारीण चुपचाप गडग्यापाशी आली. तांब्यातलं पाणी उन्हाने आटून निम्म्यावर आलं होतं, तुळशीचं पान वाळून काठाला चिकटलं होतं. तिने तांब्या उचलला, उरलेलं पाणी खांबाच्या बुंध्याशी, मातीत ओतलं. मग कमरेची पिशवी सोडून तिने काहीतरी काढलं आणि तांब्याच्या जागी ठेवलं. शिसवी लाकडाचा नवा धोटा होता तो.

बंद दाराकडे बघून ती म्हणाली, "जत्रेतून तुमच्यासाठी आणलाय, अक्का. ताणा तुटला त्याची भरपाई म्हणून नव्हे. तुमचा जुना धोटा झिजलाय, ते दिसत होतं मला."

साळणीने फटीवरचा डोळा काढून घेतला.

गाव पारावर जमलं. जाणत्यांनी साळणीला बोलावून विचारलं, "तांब्या तुझ्या हातात दिला होता का?"

"नाही," साळीण म्हणाली.

"तू घेतला होतास का?"

"नाही."

जाणत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दिला नाही, घेतला नाही, म्हणजे दोषही नाही. कासाराला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? कासार उठून उभा राहिला.  तो म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही. बहिणीने राहायचा आग्रह केला तेव्हा मी म्हणालो, निघू या, घरी जनावरं आहेत. माझी बायको म्हणाली, अक्का आहेत ना. रागावल्या असतील, पण भुऱ्याला उपाशी ठेवायच्या नाहीत. म्हणून राहिलो. चूक आमचीच आहे. माणसाची पारख चुकली."

कासारीण त्याच्या मागे बसली होती. खाली मान घालून ती म्हणाली, "मी तोंडाने मागायला हवं होतं. कितीतरी दिवस रोज सकाळी पिंजऱ्यासमोर उभी राहून म्हणून बघत होते, अक्का, चुकलं माझं. पाठ करत होते. धड जमेना, म्हणून स्वतःलाच हसायचे. राघूला सगळं पाठ झालं. तुमच्यासमोर आले आणि मला मात्र बोलता आलं नाही."

साळीण पारावर उभी होती ती तिथेच खाली बसली. तिला वाटलं होतं, नक्कल आहे. ती नक्कल नव्हतीच. कासारणीने जे बोलायचं ठरवलं होतं ते तो पक्षी तहानेने मरेपर्यंत तिला सांगत राहिला होता, आणि ती ते ऐकत ऐकत विणत बसली होती.

जाणत्यांनी निकाल दिला: रीत मोडलेली नाही, साळीण निर्दोष आहे. लोक उठून घरी गेले. तेलीणही गेली, सुतारही गेला, गुरवही गेला. जाता जाता सगळे साळणीकडे असे बघून गेले, जणू पाण्याच्या घागरी घेऊन त्या अंगणावरून ते कधी गेलेच नव्हते.

पावसाळा गेला, थंडी आली. धोटा गडग्यावर तसाच पडून होता. साळणीला तो उचलायचं धाडस होत नव्हतं, कासारीण तो परत घेत नव्हती. पावसाने लाकूड फुगलं, उन्हाने तडकलं. पलीकडे ओसरीच्या वाशाला रिकामा पिंजरा टांगलेला होता. कासारणीने पुन्हा काही पाळलं नाही.

अशात एक दिवस घाटापलीकडून निरोप आला. साळणीच्या मुलीचे दिवस भरत आले होते, अंगावर सूज होती आणि ती आईची वाट बघत होती. साळणीने माग तसाच सोडला. तिने कपड्यांचं गाठोडं बांधलं. पण दारात शेळी होती, तीही गाभण. घाट तिला चढवला नसता, आणि मोकळी सोडली तर लांडग्यांनी ठेवली नसती.

साळणीने तांब्या भरला. तुळशीचं पान टाकलं. आणि निघाली.

तेलीण दारातच भेटली. तांब्या बघून म्हणाली, "हात तेलकट आहेत गं माझे," आणि हात पाठीमागे घेतले. सुताराच्या बायकोने आतूनच सांगितलं, की घरात कुणी नाही. गुरव म्हणाला, "बाई, रीतच आहे ना? घेतला नाही तर दोष नाही." असं म्हणून त्याने देवळाचं दार ओढून घेतलं. सगळ्या आळ्या फिरून झाल्या. तांब्यातलं पाणी हिंदकळून साळणीचा पदर ओला झाला, पण तांब्या तिच्याच हातात राहिला.

शेवटी ती गडग्यापाशी आली. कासारीण अंगण झाडत होती. दोघींची नजरानजर झाली. साळणीचे ओठ हलले. फार काही म्हणायचं नव्हतं, तीनच शब्द म्हणायचे होते. ते तिच्या घशाशी आले आणि तिथेच राहिले. तिला तिथे उभंही राहवेना. तांब्या तिने आपल्याच उंबऱ्यावर ठेवला, शेळीपुढे असेल नसेल तेवढा पाला टाकला, परातीत पाणी भरलं आणि मागे न बघता घाटाची वाट धरली.

मुलीची सुटका कठीण झाली. लेक वाचली, नातू झाला, पण आठवडे लोटले तरी साळणीला निघता येईना. घरात सगळे आनंदात होते. साळीण मात्र प्रत्येक वेळी विहिरीतून पोहरा ओढताना थबकायची. तिला माहीत होतं, तहान कशी मारते. तिने जवळून ऐकलं होतं.

परतीच्या वाटेवर तिने मनाची तयारी केली. शेळी गेली असणार. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्यात तिला थोडं बरंही वाटत होतं. शेळी मेली असेल तर फिटलं. कासारणीने बघितलं असेल, ऐकलं असेल आणि हात हलवला नसेल. मग ती आणि मी सारख्या.

ती अंगणात शिरली. शेळी सावलीत उभी होती, अंग स्वच्छ, तिच्या आचळाला दोन करडं लागलेली. परात भरलेली होती. कुणीतरी पाला बांधला होता, ताजा. साळीण परातीजवळच मटकन खाली बसली. शेळी मेलेली बघून तिला एवढं रडू आलं नसतं.

मग उठून ती गडग्यापाशी गेली. कासारीण तांदूळ निवडत ओसरीवर बसली होती, रिकाम्या पिंजऱ्याखाली.

साळीण म्हणाली, "तू घेतलास तांब्या? मी तर हातात दिलाच नव्हता."

"कुठला तांब्या?" कासारणीने वर पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर साळणीला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मी तांब्या पाहिला नाही. शेळी ओरडत होती, पाणी दिलं."

एवढं बोलून ती सूप घेऊन आत गेली.

साळीण पुढेही बरीच वर्षं जगली. रोज पहाटे शेळीपाशी उभी राहून ती म्हणून बघायची, "चुकलं गं माझं." सगळे शब्द नीट यायचे. मग ती गडग्यापर्यंत जायची, आणि तशीच मागे फिरायची. शेळी ऐकून घ्यायची, रवंथ करायची. ते शब्द गडग्यापलीकडे पोचवायला शेळीला बोलता येत नव्हतं. बोलणारा जो एक होता, त्याला साळणीने पाणी दिलं नव्हतं.

बोध: तहानेला जीव दिसला की आधी पाणी द्यावं, कुणी मागितलं, कसं मागितलं आणि चूक कुणाची, हे त्यानंतर बघावं.